मोटरही हवी आणि इंजिनही : मालाच्या छोट्या गाडीचा हिशेब

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत कापसाच्या आयात शुल्कावर बोलणे चालू होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ११ टक्के शुल्क काढून टाकले, त्यावर सगळेच तापलेले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका तरुण कार्यकर्त्याने विचारले, "कापसाच्या भावाचे राहू द्या, पण कापूस नेणाऱ्या गाडीचे काय? कर्ज काढून पिकअप घ्यायचा आहे. डिझेलचा घ्यावा, गॅसचा घ्यावा, का विजेचा? आणि वीज-डिझेल दोन्हीवर चालणारा कोणी बनवत का नाही?" काही जण हसले. आम्ही हसलो नाही. त्या दिवशी उत्तर नव्हते, म्हणून महिनाभर हिशेब मांडला. तो आज सांगतो.

पहिली गोष्ट, हा प्रश्न भावाचाच आहे. ज्याच्या दारात गाडी नाही त्याचा कापूस खेडा खरेदीवाला नेतो. तो वजन करील ते वजन, लावील तो भाव, आणि ओलाव्याच्या नावाने कापील ती कपात. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर आहे. तो पदरात पाडायचा तर कापूस केंद्रापर्यंत न्यावा लागतो आणि वेळ आली तर परत घेऊन येण्याची तयारी लागते. परत आणायचे भाडे परवडत नाही म्हणून किती कास्तकारांनी जिनिंगच्या दारात पडेल भावात माल टाकला, हे या मांडवात हात वर करायला सांगितले तरी कळेल. बंडी होती तेव्हा निदान बैल घरचे होते. आता क्विंटलमागे नेण्याचा खर्च जितका कमी, तितकी व्यापाऱ्याला 'नाही' म्हणण्याची ताकद जास्त.

आता गाड्यांकडे वळू. २००५ साली टाटा एस आली आणि आपल्याकडे तिचे नाव 'छोटा हत्ती' पडले. त्यानंतर टनभर मालाच्या गाड्यांची रांग लागली. आज बाजारात डिझेलची, पेट्रोलची, सीएनजी आणि पेट्रोल अशा दोन टाक्यांची, आणि निव्वळ बॅटरीची अशा चार तऱ्हा मिळतात. विजेची टाटा एस २०२२ मध्ये आली. तिच्या बॅटरीत २१.३ युनिट वीज मावते आणि कागदावरची धाव १५४ किलोमीटर आहे. २०२५ मध्ये 'एस प्रो' आली तीही पेट्रोल, दोन टाक्या आणि बॅटरी अशा तीन प्रकारांत. पण ज्याला प्लग-इन हायब्रिड म्हणतात, म्हणजे घरच्या विजेवर चार्ज करायची, बॅटरी संपेपर्यंत विजेवर चालवायची आणि संपली की इंजिनवर घ्यायची, तशी मालाची छोटी गाडी आपल्या बाजारात नाही. परदेशात आहे. चीनच्या बीवायडी कंपनीने २०२४ मध्ये मेक्सिकोत असा पिकअप आणला. फोर्डचा रेंजर पिकअपही त्याच तऱ्हेने दक्षिण आफ्रिकेतल्या कारखान्यात तयार होतो. तो कारखाना काही अमेरिकेतला नाही, हे ध्यानात ठेवा. पण या गाड्या आपल्या पिकअपपेक्षा मोठ्या आणि कितीतरी महाग आहेत.

हायब्रिड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वारी येते. १९६४ साली सीएसएच-१ आली. उतारा वाढला हे खरे, पण ताट बुटके राहिले, कडबा कमी झाला आणि कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडला. दोन वाणांचे गुण एकत्र येतात तसे नखरेही येतात. दोन यंत्रे एका गाडीत घालताना हे विसरून चालणार नाही.

पण खरा दाखला ज्वारीचा नाही, विहिरीचा आहे. आपल्या बापजाद्यांच्या विहिरीवर विजेची मोटर होती आणि शेजारी पत्र्याच्या छपराखाली ऑइल इंजिनही होते. दोन्ही का ठेवले? हौस म्हणून नाही. मोटर स्वस्तात पाणी काढते हे त्यांना माहीत होते आणि ऐन वेळी वीज जाते हेही माहीत होते. जिथे वीज सुधारली तिथे इंजिन भंगारात गेले, जिथे नाही तिथे अजून उभे आहे. विजेवर जितका अविश्वास, तितकी इंजिनाची गरज. गाडीलाही हाच नियम लावा.

आणि अविश्वासाला कारणे आहेत. याच नागपुरात २०१७ च्या मे महिन्यात विजेवरच्या टॅक्सींचा मोठ्या गाजावाजात शुभारंभ झाला. देशातला तशा प्रकारचा तो पहिला मोठा प्रयोग होता. वर्ष उलटायच्या आत चालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या : चार्जिंगसाठी तासन्‌तास रांग, दिवसाचा धंदा बुडतो, आम्हाला डिझेल गाडी द्या. शहरात, मोठी कंपनी पाठीशी असताना हे झाले. बॅटरी वाईट नव्हती, सोय अपुरी होती.

गॅसचेही ऐका. २०२२ च्या मार्चमध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता. पाइपलाइनचा गॅस नव्हता, लांबून आणलेला होता. ज्यांनी स्वस्त म्हणून गॅसची गाडी घेतली त्यांचे हिशेब एका हंगामात फिरले. ज्यांच्या गाडीला पेट्रोलची दुसरी टाकी होती ते निदान दुसऱ्या पंपावर जाऊ शकले. एकाच विहिरीवर गळा बांधून घेतला की विहीरवाला दोर ओढतो.

आता आपल्या गाडीचे वर्ष कसे जाते ते पाहा. जून ते सप्टेंबर खत, बियाणे, फवारणीचा माल, तालुक्याच्या खेपा, भाजीपाला. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर. ऑक्टोबरनंतर कापूस घरात यायला लागला की चित्र पालटते. हिंगणघाटला जायचे, तिथे भाव पडला तर दुसरीकडे, कळमन्याला संत्रा किंवा तूर टाकून यायचे. एका खेपेत दीडशे-दोनशे किलोमीटर, वर रात्रभर रांगेत उभे राहणे. शुद्ध बॅटरीची गाडी पावसाळ्यातले आठ महिने काढील, पण रांगेत असताना 'इथे नाही, पुढच्या केंद्रावर जा' असे म्हटले की तिचा चालक काट्याकडे पाहत बसेल. (पावसाळ्याला आठ महिने म्हटले म्हणून कोणी चिठ्ठी पाठवू नका. विदर्भात पाऊस चार महिने लागत नाही हे आम्हालाही माहीत आहे. हंगाम सोडून उरलेले वर्ष, असे धरा.) अशा दुतोंडी वर्षाला दुतोंडी गाडी शोभते, इथवर तरुणाचे म्हणणे बरोबर आहे.

वजनाचीही हरकत घेतली जाते. दोन यंत्रे आणि बॅटरी घातली की माल कमी बसणार. कापसाला ही हरकत फारशी लागू नाही. वेचलेल्या कापसाने हौदा आधी भरतो, वजन मागून. कडब्याचेही तेच. संत्र्याला, ज्वारीच्या पोत्यांना मात्र लागू आहे.

आता रुपयांवर या. आकडे आम्ही धरलेले आहेत, आपापले घालून पाहा. टनभर मालाचा डिझेल पिकअप लिटरला १३ किलोमीटर, डिझेल ९१ रुपये : चाळीस किलोमीटरला २८० रुपये. तोच पिकअप विजेवर युनिटला ४ किलोमीटर, म्हणजे १० युनिट, चार्जिंगमधली गळती धरून ११, युनिट १२ रुपये : १३२ रुपये. रोज १४८ रुपये वाचले. वर्षात २५० दिवस गाडी हलली तर ३७ हजार. वाटले ना बरे? आता दोन यंत्रांमुळे गाडी दोन लाखांनी महाग आहे असे धरा. त्या दोन लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाला २२ हजार व्याज. उरले १५ हजार. तेराव्या-चौदाव्या वर्षी गाडी फिटेल, तोवर बॅटरी म्हातारी झालेली असेल. फरक एक लाखाचा असला तर व्याज ११ हजार, उरतात २६ हजार, आणि चार वर्षांत हिशेब मिटतो. म्हणजे सारा खेळ त्या एका लाखाचा आहे.

आणि तो एक लाख कुठे आहे ते आम्हाला सापडले. निव्वळ विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, २०१९ पासून. कायद्याच्या व्याख्येत 'केवळ विजेवर चालणारी' असा शब्द आहे. एक छोटे इंजिन शेजारी बसवले की गाडी त्या व्याख्येतून बाहेर. मालाच्या गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. करापूर्वी ८ लाखांना पडणाऱ्या पिकअपवर १८ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार होतात, ५ टक्क्यांनी ४० हजार. फरक १ लाख ४ हजार. गावात वीज भरवशाची नाही म्हणून ज्याला इंजिन लागते, त्यालाच इंजिन ठेवल्याचा दंड. वीज देणारे सरकार, न देणारेही सरकार, आणि दंड घेणारेही तेच!

आम्ही सबसिडी मागत नाही, हे पत्रकारांनी नीट लिहून घ्यावे. जी गाडी अमुक किलोमीटर विजेवर चालते तिला विजेच्या गाडीचाच कर लावा, एवढेच मागणे. यावर दिल्लीतले विद्वान युरोपाकडे बोट दाखवतील, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. तिथे २०२० च्या सुमारास अभ्यास झाले, तेव्हा प्लग-इन हायब्रिड मोटारी प्रत्यक्षात कागदावरच्या दुप्पट ते चौपट इंधन खातात असे निघाले. कारण लोक प्लग लावतच नव्हते, विशेषतः ज्यांचे पेट्रोल कंपनी भरते ते. आपले डिझेल कोण भरतो? दीडशे रुपये वाचत असतील तर कास्तकाराची बायको रात्री उठून प्लग लावील. प्लगमध्ये वीज असली म्हणजे झाले.

विजेबद्दल एक इशारा. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत केली आहे. कोणाच्या मनात येईल, वावरातल्या त्याच मीटरवर गाडी लावू. लावू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याशिवाय वापर केला तर २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ आहे, आणि त्याखालचे बिल दीडशे रुपयांत भागत नाही. गाडी घरच्या मीटरवरच लागणार. तिथे दुसरी भीती आहे. आपल्याकडे हंगामात कापूस घरातच असतो, छपरापर्यंत. भिंतीपलीकडे सुटी वायर, अर्थिंग नाही, आणि रात्रभर मोठा भार. चार्जिंगची जागा कापसाच्या खोलीपासून दूर, वेगळ्या वायरवर, अर्थिंग करूनच. हे गाडी विकणारा सांगणार नाही.

एक गोष्ट कोणी मुद्दा म्हणून मांडत नाही, आम्हाला ती मोठी वाटते. परदेशातल्या या पिकअपला हौद्याजवळ प्लग असतो, गाडीतून वीज बाहेर काढता येते. त्यावर पाच अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर चालेल अशी आशा धरू नका. फेज जुळत नाही आणि सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते. पण दोन अश्वशक्तीची सिंगल-फेज कडबा कुट्टी तासाला दीड-पावणेदोन युनिट घेते. ती चालेल. वेल्डिंगचे छोटे काम चालेल. वीज नसलेल्या गोठ्यात दिवा लागेल. गाडी कापसाची खेप टाकून चार महिने नुसती उभी राहते तेव्हा तिने हे काम करावे.

दुरुस्तीचे दुखणे मात्र खरे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची बॅटरीची तीनचाकी साध्या सेन्सरसाठी सोळा दिवस शहरातल्या दुकानात पडून होती. गावातला मिस्त्री हात लावायला तयार नव्हता, कारण कंपनीचा संगणक असल्याशिवाय दोष दिसत नाही. डिझेल इंजिन पांदणीत बंद पडले तर कोणीतरी पाना घेऊन येतो. दोन यंत्रांच्या गाडीचे कुलूप कंपनीच्याच हातात राहणार असेल तर आम्ही ती फुकट मिळाली तरी विचार करू. दोष दाखवणारे यंत्र आणि सुटे भाग तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला विकत मिळाले पाहिजेत.

तर त्या तरुणाला आमचे उत्तर असे. छोट्या हत्तीत हे दुहेरी यंत्र घालू नये. त्याची खेप जवळची, त्याला बॅटरी किंवा दोन टाक्या पुरेत. टनाच्या वरच्या पिकअपमध्ये कंपन्यांनी ते द्यावे, आणि कर सारखा व्हावा म्हणून आपण भांडावे. पण आज कर्ज काढून घ्यायचीच असेल आणि गाडी वर्षात शंभर-सव्वाशे दिवसच हलणार असेल, तर जुना डिझेल पिकअप बघ. १२० दिवसांची बचत १७-१८ हजार होते, दोन लाखांचे व्याजसुद्धा त्यात निघत नाही.

आता काम. प्रत्येक तालुक्यातून पाच गाडीवाल्यांनी पुढच्या बैठकीला वही आणायची आहे. तारीख, कुठून कुठे, किती किलोमीटर, काय माल, किती वजन, रांगेत किती तास, किती रुपयांचे डिझेल. शेवटच्या रकान्यात त्या रात्री घरी सिंगल-फेज वीज किती वाजेपर्यंत होती ते लिहायचे. उमरेड आणि काटोलच्या वह्या आधी तपासू, कारण एक कापसाचा आणि दुसरा संत्र्याचा. वह्या छापील नकोत, पोराच्या शाळेच्या चालतील.