कोणाची ही गोधडी?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, वर्गणीची आठवण करून द्यायला असेल. पण ते म्हणाले, "तू गोधड्या शिवते, प्रदर्शनात मांडते असं ऐकलं. त्यावर पंधरा मिनिटं बोल." मी म्हटलं, अरे, आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, तहसीलदार आहेत, त्यांना सोडून गोधडीवाली कशाला? तर म्हणे, त्यांची भाषणं आम्ही नेहमीच ऐकतो.

समोर पहिल्या रांगेत आपल्या शिवणाच्या बाई बसल्या आहेत. बाई, आठवीत काज-बटणाचा माझा रुमाल तुम्ही तीनदा उसवायला लावला होता. चौथ्यांदा तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. आयुष्यात पुढे प्रमाणपत्रं मिळाली, पण त्या "हं"ची सर कशालाच नाही.

आपण वर्धा जिल्ह्यातली मुलं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावं, ही गांधीजींची नयी तालीम तिथून देशभर गेली. पण खरं सांगा, आपल्या वेळी शिवणाचा तास म्हणजे काय होता? गणिताचे सर अभ्यासक्रम पुरा करायला तो मागून घ्यायचे, आणि आपण खूष व्हायचो. हाताच्या कामाला मान नव्हता. माझ्या मनात तर मुळीच नव्हता. म्हणूनच आज एक जुनी गोष्ट कबूल करायची आहे.

नववीत डिसेंबरमध्ये आपलं पवनारला धाम नदीच्या काठी शिबिर झालं होतं, आठवतं? दोन रात्री. प्रत्येकाने आपापलं अंथरूण-पांघरूण आणायचं होतं. कोणाकडे सोलापुरी चादर, कोणाकडे नवंकोरं ब्लँकेट. माझ्या आईने मला गोधडी बांधून दिली होती. आमच्याकडे तिला वाकय म्हणत. आजीचं हिरवं लुगडं, बाबांचं धोतर, मामाच्या सदऱ्याची पाठ आणि एका कोपऱ्यात माझ्या पहिल्या झबल्याचा तुकडा. मी ती वळकटी सोडलीच नाही. थंडीने कुडकुडले, तेव्हा शेजारच्या मैत्रिणीने आपल्या ब्लँकेटमध्ये घेतलं. ती आज इथे आहे. निघायच्या दिवशी बाईंनी एक बेवारस वळकटी उलगडून उंच धरली आणि विचारलं, "कोणाची ही गोधडी?" दोघी-तिघी हसल्या. मी गप्प बसले. बाईंनी पुन्हा विचारलं. मी नदीकडे बघत राहिले.

घरी आईने विचारलं, "वाकय कुठं हाय?" मी म्हटलं, हरवली. ती काही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने दुसरी शिवायला घेतली.

माझी आई कापूस वेचायला जायची. कमरेला ओटी बांधून दिवसभर पऱ्हाटीच्या ओळीतून वाकून चालायचं. आपल्या भागाचा कापूस केवढा नामांकित! हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात विलायतेच्या बाजारात नावाने ओळखला जायचा. पण आमच्या घरी कापूस भरलेली रजाई कधी नव्हती. घरचा सगळा कापूस विकायचा असे. जे आपण पिकवलं ते अंगावर घ्यायचं नाही, आणि जे अंगावर घालून विरलं त्याचंच पांघरूण करायचं, असा तो हिशेब होता.

लग्न, नोकरी, मुलं यांत पंचवीस-तीस वर्षं गेली. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. तिला नीट दिसत नव्हतं, पण हात स्वस्थ बसत नव्हते. माझ्या जुन्या सुती साड्या तिने मागून घेतल्या. जमिनीवर थर अंथरले, चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू ठेवल्या आणि काठाकडून धावदोरा घालत निघाली. चारी बाजूंनी फिरत फिरत टाका आत आत येतो आणि मध्यभागी संपतो. काठाकडून आत येताना हाताने चुणी पुढे सारत जायचं, नाही तर मधे कापडाचा फुगा येतो. दोरा फार ओढला की कापड आखडतं, सैल सोडला की लहान मुलाच्या पायाच्या बोटात अडकतो. दिसत नसताना हे सगळं ती नुसत्या बोटांनी ओळखायची. मी तिला सुईत दोरा ओवून द्यायला बसले, आणि तिथेच अडकले.

एका दुपारी शिवता शिवता मी तिला पवनारची गोष्ट सांगितली. तिने सुई थांबवली नाही. म्हणाली, "मले तवाच समजलं होतं. हरवली असती त तू रडली असती."

त्यानंतर मी मन लावून शिवायला लागले. आधी नातवंडांची दुपटी, मग उशांचे अभ्रे, मग पलंगभर गोधड्या. वर्ध्याचं मगन संग्रहालय १९३८ पासून आहे, आपण शाळेच्या सहलीत ते धावतपळत पाहिलं होतं. आता मी तिथे नैसर्गिक रंगाची खादी हातात घेऊन तासभर घालवते. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक केलं आहे. ते पाहिलं तेव्हा प्रथम कळलं, की आपल्या आयांनी जे केलं त्याकडे जग कला म्हणून बघतं. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी तर आपल्या गोधडीची सख्खी बहीण. त्या चार कोपऱ्यांवर कापडाची फुलं लावतात. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथे मिसूरी पेटवे या कष्टकरी बाईने १९४२ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांचं पांघरूण शिवलं, त्याची आठवण अंगावर घेता यावी म्हणून. २००२ मध्ये त्या वस्तीतल्या बायकांची पांघरुणं न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागली. पुढे त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. माझ्या आईने हेच केलं होतं, आणि मी ते नदीकाठी सोडून आले होते.

आता प्रदर्शनांबद्दल. आपल्या देशातही हल्ली अशी प्रदर्शनं भरतात. मी पहिल्यांदा गोधडी पाठवायची ठरवली तेव्हा आईला सांगितलं, "ती भिंतीला टांगतात." ती हसतच सुटली. "थंडी भितीले वाजते का मानसाले?"

तिचा प्रश्न बरोबर होता, हे मला लवकरच कळलं. भिंतीचे नियम निराळे. मागे वरच्या काठाला कापडाची नळी शिवावी लागते, तिच्यातून काठी घालतात. माझी गोधडी सहा थरांची. पलंगावर ऊबदार, पण टांगल्यावर आपल्याच वजनाने मधोमध लोंबली. काठ लाटांसारखे. परीक्षकांच्या कागदावर शेरे होते: कडा सरळ नाहीत, कोपरे काटकोनात नाहीत, टाके असमान. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंचा रुमाल आठवला, आणि उसवायला बसले. मग शिकले. टांगायच्या गोधडीला थर तीनच. कापड आधी धुऊन घ्यायचं, म्हणजे नंतर आटत नाही आणि रंग जात नाही. कडेची पट्टी लावण्याआधी चारही बाजू मोजायच्या. दुसऱ्या वेळी शेरे कमी झाले.

तिसऱ्या वेळेपर्यंत आई राहिली नव्हती. तिच्या पेटीत दोन लुगडी निघाली आणि एक गोधडी, अर्धवट. काठाकडून आत येत तिचे टाके हातभर अलीकडे थांबलेले. मधला चौकोन मोकळा. कितीतरी महिने मी तिला सुई लावली नाही. मग तो चौकोन माझ्या टाक्यांनी भरला. पवनारला सोडलेल्या गोधडीतले जेवढे तुकडे आठवले, तेवढे त्याच रंगांत वर जोडले. हिरवं लुगडं, धोतर, सदरा, झबलं.

नियमाप्रमाणे मागे चिठ्ठी शिवायची असते, करणाऱ्याचं नाव लिहून. अर्जात नावासाठी ओळ एकच होती. मी सवयीने माझं नाव लिहिलं, आणि मग पेन थांबलं. काठाकडचे सगळे टाके तिचे. वाकडे, पण घट्ट. माझे मधले सरळ. मी पहिलं नाव आईचं लिहिलं, पुढे माझं. आयोजकांनी दोन्ही छापली. बक्षीस मिळालं नाही. पण तिथे "हात लावू नये" अशी पाटी होती, आणि एका म्हाताऱ्या बाईने पाटी न वाचता काठाच्या टाक्यांवरून हात फिरवला. मी तिला थांबवलं नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी आईच्या, सासूच्या गोधड्या असतील. माळ्यावर, गाठोड्यात, कुठे इस्त्रीच्या टेबलावर. एकदा उन्हात घाला. कुठला तुकडा कोणाचा, ते मुलांना सांगा, जमलं तर मागे नाव लिहून ठेवा. आणि थंडीत अंगावर घ्या. भिंतीचं काय, भिंतीला थंडी वाजत नाही.

ती गोधडी मी आज सोबत आणली आहे. व्यासपीठाच्या कडेला घडी करून ठेवली आहे. जेवण झालं की उलगडून बघा, हात लावायला पूर्ण परवानगी.

आणि बाई, तुम्ही तेव्हा दोनदा विचारलं होतं. उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. ती गोधडी माझी होती. माझ्या आईने शिवली होती.