वाळूत बदली खेळाडू नसतो

(मंडळाच्या गणेशोत्सवात आरोग्य आणि खेळ या विषयावर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



दरवर्षी या मांडवात आपण नाट्यगीते ऐकतो, पाककृती स्पर्धा घेतो, मुलांच्या नाटुकल्या पाहतो. यंदा बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या बाईला व्याख्यानाला बोलावले, याचे सगळ्यांत जास्त नवल मलाच वाटले. चिटणीसांनी फोनवर सांगितले, "ताई, नुसता खेळ नको, आहार आणि आरोग्यावरही बोला." मी म्हटले, काळजी करू नका, आमच्या खेळात या गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

थोडी ओळख करून देते. माझे वडील पेरंबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत होते. घरात सांगलीकडची मराठी आणि दाराबाहेर तमिळ, अशी मी वाढले. शाळा-कॉलेजात सहा जणींचे व्हॉलीबॉल खेळले आणि २००६ साली बेसंट नगरच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा वाळूत उतरले. पुढे दहा वर्षे राज्य पातळीवर खेळले. आता नोकरी सांभाळून पहाटे मुलींना शिकवते.

ज्यांनी हा खेळ फक्त टीव्हीवर पाहिला आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर तो वाढला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला पदकांचा मान मिळाला. आपल्याकडे २०१५ च्या केरळमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आणि २०२५ मध्ये दीवच्या खेलो इंडिया बीच गेम्समध्येही तो होता. मैदान १६ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. जाळीची उंची मात्र आतल्या व्हॉलीबॉलइतकीच, म्हणजे महिलांसाठी २.२४ मीटर आणि पुरुषांसाठी २.४३ मीटर. पहिले दोन सेट २१ गुणांचे, तिसरा लागलाच तर १५ चा. ऊन आणि वारा दोघांच्या वाट्याला सारखा यावा म्हणून पहिल्या दोन सेटमध्ये दर सात गुणांनी बाजू बदलतात.

पण या खेळाचा खरा नियम वेगळाच आहे. एका बाजूला दोनच खेळाडू आणि बदली खेळाडू नाही. सहा जणींच्या संघात एकीला बरे नसले तर दुसरी उभी राहते. इथे एक बसली की दोघी घरी. त्यामुळे माझी झोप, माझे जेवण, माझा ताप हा माझ्या जोडीदारणीचाही विषय असतो. संसारात जसे असते, तसेच समजा.

आता वाळूविषयी. घट्ट जमिनीवर धावायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या सुमारे १.६ पट वाळूत लागते, आणि चालायला तर दुपटीहून अधिक, असे मोजून पाहिलेले आहे. पाय रुततो, वाळू सरकते, जोर फुकट जातो. त्यात आपल्या चेन्नईची दमट हवा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. स्पर्धेच्या दिवशी असे दोन-तीन सामने खेळावे लागतात. एवढ्या खर्चाला जमाही तशीच लागते.

मग खेळाडूने खायचे काय? परदेशी डबेच लागतात असा पुष्कळांचा समज आहे. आमचा फराळ ऐकून तुम्हाला हसू येईल. सामन्याच्या तीन तास आधी इडली-सांबार किंवा भात-वरण. दोन सामन्यांच्या मध्ये केळे आणि कोविलपट्टीची कडलै मिठाई, म्हणजे आपली शेंगदाण्याची चिक्की. खेळ संपला की अंडी किंवा सुंदल, नंतर दहीभात. प्यायला मीठ घातलेले ताक, ज्याला इथे नीर मोर म्हणतात. आणि मांडवात बसून सांगते, तांदळाची उकड, गूळ आणि खोबरे घातलेला आपला मोदक, म्हणजेच इथले कोळुकट्टै, सराव करून आलेल्या मुलीला मी कधीच नाकारत नाही.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा. सर्वसाधारण प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. नियमित कसून खेळणाऱ्याला १.२ ते २ ग्रॅम लागतात. साठ किलोच्या मुलीला ही गरज किमान ७२ ग्रॅम होते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. म्हणजे पातळ वरणाची एक वाटी घेऊन भागणार नाही. डाळ घट्ट हवी, सोबत उसळ, दही, दाणे, चालत असेल त्यांना अंडी-मासे हवेत.

यानंतरचा विषय थोडा नाजूक आहे. गणपतीच्या मांडवात हे कशाला, असे काहींना वाटेल. पण समोर एवढ्या आया आणि मुली बसलेल्या असताना गप्प राहणे मला बरोबर वाटत नाही.

२०११ सालची गोष्ट. माझी त्या वेळची जोडीदार काशिमेडूच्या मच्छीमार वस्तीतली, वय १९. वाऱ्याचा अंदाज घ्यावा तर तिने. एका शिबिरात प्रशिक्षक रोज सकाळी मुलींची वजने करत आणि फळ्यावर लिहीत. ज्या मुलीचे वजन वाढेल तिला सगळ्यांसमोर टोमणा. हिने रात्रीचा भात सोडला, मग सकाळचा नाश्ता सोडला. चार महिन्यांत सहा किलो कमी झाले. सुरुवातीला उडी वाढल्यासारखी वाटली आणि सगळ्यांनी कौतुक केले. पुढे मात्र दर पंधरा दिवसांनी सर्दी-ताप, रात्री झोप नाही, चिडचिड, आणि डाव्या नडगीवर एका जागी बोट ठेवले तरी कळ. राज्य संघाच्या निवड सामन्यात दुसऱ्या सेटला ती वाळूत बसली ती उठलीच नाही. बदली खेळाडू नव्हता. सामना तिथेच संपला.

तपासणीत नडगीच्या हाडाला बारीक तडा निघाला. सतत पडणाऱ्या ताणाने पडतो तसा. डॉक्टरीणबाईंनी चित्र पाहिले, बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाळी शेवटची कधी आली?" ती म्हणाली, सात महिन्यांपूर्वी. तिला ते सोयीचेच वाटत होते, आणि खेळाडूंचे असेच असते, असे शिबिरातल्या थोरल्या मुलींनी तिला सांगितले होते.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी जे समजावले ते मी आज प्रत्येक मुलीला सांगते. शरीराला खर्चाच्या मानाने अन्न कमी पडू लागले की ते काटकसर सुरू करते. आधी जिवंत राहण्याची कामे, बाकीची नंतर. पाळी थांबते, कारण शरीर म्हणते, आत्ता हे परवडत नाही. पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि त्याविना हाडे विरळ होतात. हाडांची पुंजी साधारण पंचविशी-तिशीपर्यंतच साठते. त्या वयात जे साठले नाही ते पुढे भरून काढणे अवघड. म्हणजे १९ व्या वर्षीचा उपास साठाव्या वर्षी हाड मोडून वसूल होऊ शकतो.

पुढे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला रेड-एस असे नाव दिले आणि सांगितले की ती फक्त मुलींना होत नाही. मुलांमध्येही संप्रेरके घटतात, ताकद उतरते, दुखणी वारंवार येतात. व्यायामशाळेत जाऊन जेवण तोडणाऱ्या आपल्या मुलांनी हेही ऐकावे.

माझ्या जोडीदारणीचे काय झाले, हे तुमच्या मनात असेल. तिची आई बंदरावर मासळी विकायची. ती तिला म्हणाली, "माझ्या घरात वाढलेली पोर, भूक कुठे हरवून आलीस?" आधी तीन वेळचे जेवण सुरू झाले, मग विश्रांती, मग पोहणे, आणि सर्वांत शेवटी वाळू. पाळी पाचव्या महिन्यात परत आली. खेळायला अकरा महिने लागले. वजन पहिल्यापेक्षा दोन किलो जास्त होते आणि उडीही जास्त होती. आज तिला एक मुलगी आहे आणि रविवारी आम्ही अजून एकत्र खेळतो.

पोशाखाविषयीही बोलते, कारण पुष्कळ आयांनी मला तेच विचारून मुलींना पाठवायचे टाळले आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या आधी, नियम बदलून महिलांना गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या आणि बाह्यांचे सदरे घालायला मुभा दिली. तेव्हा कपड्यांसाठी मुलीला खेळापासून दूर ठेवू नका, आणि कपड्यांसाठी तिला बारीक करायचीही गरज नाही.

आमच्या गटात काही साधे नियम आहेत. तुमच्या घरीही ते चालतील.

एक, वजनकाटा आम्ही ठेवला आहे, पण काम बदलून. सरावाआधी आणि नंतर वजन करायचे. एक किलो घटले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. ते पुढच्या काही तासांत मीठ-पाण्यासह भरून काढायचे. वजन उलट वाढले असेल तर पाणी जास्त झाले. नुसते साधे पाणी ढोसत राहणेही धोक्याचे असते, रक्तातले मीठ पातळ होते.

दोन, ओआरएसची लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्धी पुडी ग्लासात, असे अंदाजाने नाही.

तीन, रिकाम्या पोटी सराव नाही. हरतालिकेचा निर्जळी उपास ज्यांना करायचा आहे त्यांनी श्रद्धेने करावा, पण त्या दिवशी वाळूला सुट्टी.

चार, वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जेवणाबरोबर चहा-कॉफी नको, तिने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळले तर लागते. इथली फिल्टर कॉफी मलाही प्रिय आहे, पण जेवणानंतर तासाभराने.

पाच, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा आलेली पाळी तीन महिने चुकली असेल, तर डॉक्टरांकडे जायचे. कारणे अनेक असतात, ती डॉक्टरांनीच शोधावीत. लाजून घरी बसायचे नाही.

कार्यालयात दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही सांगते, वाळूत चालणे उत्तम, पण एकदम तासभर नको. दहा मिनिटांपासून, ओल्या घट्ट वाळूवरून सुरू करा, नाहीतर पोटऱ्या आणि टाचेवरची शीर धरते. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. शिंपला टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते.

शेवटी पालकांना एकच विनंती. मुलगी महिन्याभरात झटकन बारीक दिसू लागली की "वा, किती छान दिसतेस" असे आपण सहज म्हणून जातो. त्याऐवजी "जेवलीस का? दमतेस का? झोप लागते का?" असे विचारा. आपल्या आज्या हेच विचारत असत. उद्या महाप्रसाद आहे. तुमच्या मुलींच्या पानात भात, घट्ट वरण आणि मोदक आग्रहाने वाढा, आणि परवा पहाटे साडेपाचला त्यांना बेसंट नगरला पाठवा. आमच्याकडे दोन मुलींची जागा रिकामी आहे.



गणपती बाप्पा मोरया!