सांत्वनाचा पैसा आणि हक्काची भरपाई : मिनामाताच्या कारखान्याची हकीकत

(विहारातील सभेत केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे एका कारखान्याची हकीकत ठेवणार आहे. धम्माच्या सभेत कारखान्याचे काय काम, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात येईल. परंतु जगात दुःख आहे आणि त्या दुःखाला कारण आहे, हे ज्याने मान्य केले त्याने दुःख जेथे निर्माण होते ती जागाही डोळे उघडून पाहिली पाहिजे. आपल्या वाडवडिलांचे दुःख गावकुसाबाहेर निर्माण झाले. मी सांगतो ते दुःख एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या नाल्यात निर्माण झाले.

जपानच्या दक्षिणेस क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, कुमामोतो प्रांतात, शिरानुई समुद्राच्या काठी मिनामाता हे गाव आहे. शेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर ते जगत असे. १९०८ साली शितागाऊ नोगुची या उद्योजकाने तेथे कारखाना काढला. कंपनीच्या नावातील 'चिस्सो' या शब्दाचा अर्थ नत्रवायू. प्रथम कार्बाइड, मग नत्रयुक्त खते, असा तिचा व्याप वाढत गेला. गावाला रोजगार मिळाला, रस्ते आले, पेठ वाढली. ज्या अभियंत्याने पुढे कारखान्याची मुख्य रासायनिक प्रक्रिया बसविली, तोच कालांतराने गावाचा महापौर झाला. यावरून गाव कोणाचे होते, हे आपण समजून घ्यावे.

कारखान्याचे पाणी समुद्रात जाऊ लागले तशी मासळी कमी झाली. कोळ्यांनी तक्रार केली. १९२६ साली कंपनीने त्यांच्या संघाला १,५०० येन दिले आणि पुन्हा कधीही तक्रार करणार नाही, असे लिहून घेतले. बंधूंनो, हा आकडा आणि ही अट लक्षात ठेवा. तेहतीस वर्षांनी हीच अट पुन्हा आपल्यासमोर येणार आहे, आणि त्या वेळी प्रश्न मासळीचा नसून माणसांच्या प्राणांचा असणार आहे.

१९३२ पासून कारखान्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य तयार होऊ लागले. अ‍ॅसिटिक आम्ल, आणि पुढे प्लॅस्टिक मऊ करणारी द्रव्ये, यांसाठी त्याला मोठी मागणी होती. ते बनविताना पाऱ्याचे संयुग वापरावे लागे. त्या पाऱ्याचा काही अंश प्रक्रियेतच पालटून मिथिल पारा नावाचे जहाल विष होई आणि सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदरातून खाडीत उतरे. पाण्यात त्याचा अंश अल्प. परंतु सूक्ष्म जीव ते अंगात साठवितात, लहान मासा त्या जीवांना खातो, मोठा मासा लहानाला खातो, आणि पायरीगणिक विष दाट होत जाते. शेवटच्या पायरीवर कोळ्याचे घर. त्याला रोज तीन वेळा मासळीच खावी लागे, कारण दुसरे काही विकत घेण्याची त्याची ऐपत नव्हती.

प्रथम मांजरे गेली. ती वेड्यासारखी गिरक्या घेत, भिंतीवर आपटत, समुद्रात पडत. लोक त्याला मांजरांचा नाच म्हणत. मग माणसांची पाळी आली. बोटे बधिर होत, जीभ जड होई, दृष्टीचा परीघ आकसत जाई, तोल सुटे, अंगाला झटके येत. १९५६ च्या एप्रिलमध्ये एक पाच वर्षांची मुलगी कंपनीच्याच रुग्णालयात आणली गेली. पाठोपाठ तिची धाकटी बहीणही आली. १ मे १९५६ रोजी रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी, मेंदूचा एक अज्ञात रोग पसरत आहे, अशी खबर आरोग्य कचेरीला दिली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास बाबासाहेबांनी आपल्या समाजाला धम्मदीक्षा दिली. आपण नव्या जन्मास येत होतो तेव्हा त्या खाडीकाठची घरे एकेक करून अंधारत होती.

रोग सांसर्गिक असावा, असा प्रथम समज झाला. रोग्यांना साथीच्या रुग्णांच्या कोठडीत हलविले, त्यांच्या घरांवर जंतुनाशक फवारले. तेवढ्याने शेजार तुटला. त्या घरांशी कोणी सोयरीक करीना. दुकानदार त्यांच्या हातचे पैसे हाताने न घेता जेवणाच्या काड्यांच्या चिमटीत घेत. माताभगिनींनो, हे आपणांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. वरून ओतलेले पाणी आणि लांबून टाकलेला सौदा आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला आहे. मिनामाताच्या रोग्यांत आमाकुसा बेटांवरून पोट भरण्यास आलेली पुष्कळ कुटुंबे होती, आणि मूळचे गावकरी त्यांना आधीच हलके लेखीत. म्हणजे जो आधीच खालचा ठरविला गेला, तोच विषाचाही प्रथम धनी झाला.

काही घरांत हा दैवाचा कोप मानला गेला. येथे मी थोडा थांबतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त झिडकारला आहे. माणसाचे हाल त्याच्या मागील जन्माच्या माथी मारले की समाज आणि राज्य जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी ओळखले होते. मिनामातात विष सोडणारा होता, ते सोडू देणारा होता आणि पाहून गप्प बसणाराही होता. 'हे आहे म्हणून ते आहे' या तथागतांच्या शिकवणीप्रमाणे शोध घेतला तर कारण सापडते. आपण नवदीक्षित आहोत. घरात आजार आला की अद्याप काही ठिकाणी देवऋषाकडे पावले वळतात, म्हणून हे मुद्दाम बोललो.

कारणाचा शोध कुमामोतो विद्यापीठाच्या वैद्यांनी घेतला. १९५६ संपण्यापूर्वीच त्यांनी, खाडीतील मासळीवाटे एखाद्या जड धातूची विषबाधा होत असावी, असे सांगितले. १९५७ साली प्रांताने ती मासळी कायद्याने बंद करू काय, असे विचारले, तेव्हा आरोग्य मंत्रालयाने उत्तर दिले की, खाडीतील सर्वच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही, सबब कायदा लावता येत नाही! माणसे मरत होती आणि सरकार प्रत्येक माशाची साक्ष मागत होते. १९५८ च्या सप्टेंबरात कंपनीने नाल्याचे तोंड फिरवून पाणी मिनामाता नदीच्या मुखाकडे सोडले. लवकरच तिकडच्या गावांतही रोगी निघू लागले. एवढे झाले तरी कंपनीचे डोळे उघडले नाहीत, की उघडे असून तिने मिटून घेतले, याचा निवाडा पुढील गोष्टीवरून करावा.

जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पारा हे कारण जाहीर केले. त्याच सुमारास डॉ. होसोकावा यांनी अ‍ॅसिटाल्डिहाइड विभागाचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला घालण्यास आरंभ केला. ते मांजर क्रमांक ४००. ऑक्टोबरात त्याला तोच रोग झाला. कंपनीने प्रयोग थांबविण्यास सांगितले आणि निष्कर्ष दडपला. बाहेर मात्र तिच्या बाजूचे लोक, युद्धकाळात समुद्रात टाकलेल्या दारूगोळ्याचा हा परिणाम असावा, असे तर्क लढवीत होते. डिसेंबरात पाणी शुद्ध करण्याचे नवे यंत्र थाटात सुरू झाले आणि कंपनीच्या अध्यक्षाने सर्वांदेखत पेल्यातून पाणी पिऊन दाखविले. ते यंत्र विरघळलेला पारा काढण्याच्या कामाचे नव्हते. डॉ. होसोकावा यांनी खरी गोष्ट न्यायालयाला सांगितली ती १९७० साली, रुग्णशय्येवरून. त्याच वर्षी ते वारले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरही आहे आणि दुःखही आहे. अकरा वर्षे हा फार मोठा काळ असतो.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. १९५९ च्या डिसेंबरात रोग्यांची कुटुंबे ऐन थंडीत कारखान्याच्या दारात बसली. वर्ष संपत आले होते, घरात दाणा नव्हता, मासळी कोणी विकत घेत नव्हते. ३० डिसेंबर रोजी कंपनीने करार पुढे केला. मृताबद्दल ३ लाख येन, जिवंत प्रौढ रोग्याला वर्षाला १ लाख, मुलाला वर्षाला ३० हजार. या रकमेला 'मिमाईकिन' म्हटले गेले, म्हणजे आजाऱ्याच्या भेटीस जाताना त्याच्या हातावर ठेवावयाचे पैसे. त्या करारात दोन कलमे होती. रोग कारखान्यामुळे नाही असे पुढे ठरले तर पैसे बंद होतील. आणि रोग कारखान्यामुळेच आहे असे ठरले, तरी रोगी अधिक भरपाई मागणार नाहीत! नाणे कसेही पडो, डाव कंपनीचाच. मांजर क्रमांक ४०० चा निकाल तेव्हा तिच्या घरात होता. कुटुंबांनी सह्या केल्या. उपाशी माणसाकडून घेतलेल्या सहीला संमती म्हणावयाचे काय?

सांत्वन म्हणून जो पैसा देतो तो दाता ठरतो आणि घेणारा याचक ठरतो. भरपाई म्हणून जो पैसा द्यावा लागतो, त्यात देणारा अपराधी असतो आणि घेणारा हक्कदार. रक्कम तीच असली तरी या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आपल्या समाजाला दया पुष्कळांनी दाखविली. हक्क कसा मागावा ते बाबासाहेबांनी शिकविले. आज आपल्यातील अनेक कुटुंबे कारखान्यांच्या कडेला, नाल्यांच्या काठी राहतात, आणि गटारात उतरण्याचे कामही अद्याप आपल्याच माणसांच्या वाट्याला अधिक येते. अपघात झाला की कोणी तरी पाकीट आणि कागद घेऊन दारी येतो. तो कागद जाणत्या माणसाकडून वाचून घेतल्यावाचून त्यावर सही किंवा अंगठा करू नका. निर्मळ पाणी आणि हवा हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटले आहे.

मिनामातात करार झाला आणि विष वाहतच राहिले. १९६२ साली सोळा मुलांना जन्मतःच हा रोग असल्याचे निश्चित झाले. आईच्या उदरातील विष गर्भाने ओढून घेतले होते. कित्येक आया वरकरणी धडधाकट दिसत, आणि मूल मान धरू शकत नसे. १९६५ साली निइगाता प्रांतात दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्याखाली, आगानो नदीकाठी, तोच रोग उद्भवला. मिनामातात अ‍ॅसिटाल्डिहाइडचे उत्पादन बंद झाले मे १९६८ मध्ये, ती पद्धत जुनी झाली तेव्हा. त्यानंतर, २६ सप्टेंबर १९६८ रोजी, कारखान्यातील मिथिल पारा हेच कारण असल्याचे सरकारने जाहीर केले. कंपनीचे नुकसान होण्याची भीती संपली आणि मग सत्य सरकारी झाले!

कामगारांचे काय, असे आपण विचाराल. आरंभी बहुतेक कामगार कंपनीच्या बाजूने होते, कारण कोळ्यांचा लढा म्हणजे आपल्या भाकरीवर धोंडा, असे त्यांना वाटे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रमिकांची विभागणी म्हटले. येथे जात नव्हती, तरी विभागणी होती. परंतु ऑगस्ट १९६८ मध्ये कामगारांच्या एका संघटनेने, रोग्यांसाठी आपण काहीच केले नाही याची आम्हास लाज वाटते, असा जाहीर ठराव केला. असे ठराव करणाऱ्या संघटना मला फार आढळल्या नाहीत.

जपान हा बौद्धांचा देश, मग तेथे हे कसे घडले, हा प्रश्न आपली तरुण मुले विचारतील, आणि त्यांनी तो विचारावाच. कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या घरीही बुद्धाचे नाव घेतले जात असेल. परंतु तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. सम्यक आजीविका सोडली की नाव उरते, धम्म उरत नाही. १९७० च्या नोव्हेंबरात रोगी आणि त्यांचे आप्त यांनी कंपनीचा एकेक भाग विकत घेतला आणि ते ओसाकाच्या भागधारकांच्या सभेत भागधारक म्हणून गेले. अंगावर बौद्ध यात्रेकरूंची पांढरी वस्त्रे, हातात घंटा, मृतांच्या नावांच्या पाट्या, मुखी यात्रेची गीते. त्यांचे सारेच विधी आपणांस पटतील असे नाही. तथापि मृतांची नावे घेऊन मालकाच्या तोंडासमोर उभे राहणे, हा विधी मला पटतो.

१९६९ मध्ये त्यांच्यातील २८ कुटुंबांनी दावा लावला होता. त्याचा निकाल कुमामोतोच्या न्यायालयाने २० मार्च १९७३ रोजी दिला. २० मार्च म्हटल्यावर आपणांस १९२७ सालचे महाड आणि चवदार तळे आठवले असेल. ज्या महाडला पाण्याच्या हक्काचा लढा झाला, त्याच्या परिसरात आज रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनीला दोषी ठरविले, आणि १९५९ चा करार रोग्यांच्या अज्ञानाचा व दारिद्र्याचा फायदा घेऊन केलेला, नीतीला विरोधी, म्हणून रद्दबातल केला. प्रत्येक रोग्यामागे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख येन भरपाई द्यावी लागली.

पुढे १९७७ ते १९९० पर्यंत खाडीतील सुमारे १५ लाख घनमीटर विषारी गाळ उपसण्यात आला आणि ५८ हेक्टर समुद्र भरून काढण्यात आला. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी १९९७ साली निघाली. २००४ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार आणि प्रांत यांनाही जबाबदार धरले. पाऱ्याविषयीचा जो आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला त्याला मिनामाताचेच नाव आहे, आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. परंतु रोगी म्हणून कोणाला धरावे याचे सरकारी निकष इतके कडक की, हजारो माणसे दाराबाहेरच राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने अशा १२८ जणांना रोगी ठरवून भरपाई देण्याचा निकाल दिला.

१ मे २०२४ रोजी, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, जपानचे पर्यावरण मंत्री मिनामातास आले होते. रोग्यांच्या संघटनांना बोलण्यास प्रत्येकी तीन मिनिटे दिली होती. एक वृद्ध गृहस्थ आपल्या मृत पत्नीविषयी सांगत असताना वेळ संपली, म्हणून अधिकाऱ्यांनी त्यांचा ध्वनिक्षेपक बंद केला. देशभर संताप उसळला. एका आठवड्याने, ८ मे रोजी, मंत्र्यांना पुन्हा मिनामातास यावे लागले आणि त्या गृहस्थांसमोर मान लववून क्षमा मागावी लागली.