पाहुण्याला कोणती खोली द्यावी?

एका गुरुजींनी मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या शाळेत संगणक एकच. त्याच्या डिस्कचे दोन वाटे केलेले. एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. मुलांचे जुने निकाल लिनक्सच्या वाट्यात. ते पाहायचे म्हणजे दर वेळी संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. गुरुजी म्हणाले, "आभासी यंत्राला तेवढा एकच वाटा वाचायला देता येणार नाही का हो?"

आभासी यंत्र म्हणजे संगणकाच्या पोटात दुसऱ्या संगणकाचे सोंग घेणारा प्रोग्रॅम. या पाहुण्याची डिस्क एरवी यजमानाकडची एक मोठी फाइल असते. पाहुण्याने ती मोडली तरी घर शाबूत.

खरा वाटाही त्याला देता येतो. २००७ साली आलेल्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये तशी सोय आहे. न दिलेले वाटे पाहुण्याला दिसतात, पण आत नुसती शून्ये. तिथे काही लिहिले तर ते सोडून दिले जाते. ही सोय जाणकारांसाठीच आहे, असे मात्र तिच्या माहितीपुस्तकात बजावलेले आहे.

का बरे? एकाच खतावणीवर दोन कारकून बसलेत असे समजा. पहिल्याने काही रकमा अजून मनातच ठेवल्या आहेत. दुसरा तीच पाने जुनी समजून त्यांवर लिहितो. खतावणीचा विचका व्हायला कितीसा वेळ! यजमान आणि पाहुणा एकच वाटा एकदम वापरू लागले की नेमके हेच होते.

तेव्हा सोय असावी, असेच माझे मत. पण मुळात ती वाचण्यापुरती असावी, आणि यजमान वापरीत असलेला वाटा प्रोग्रॅमने देऊच नये. "मी फक्त वाचीन" हा पाहुण्याचा शब्दही पुरत नाही. संगणक मध्येच बंद पडला असेल, तर लिनक्स 'फक्त वाचायला' म्हणून वाटा उघडतानासुद्धा आपल्या रोजनाम्यावरून त्यात दुरुस्ती लिहू शकते! म्हणून कडी बाहेरून हवी, आभासी यंत्राच्याच हाती.

गुरुजींचे त्या मानाने सोपे होते. त्यांचे विंडोज लिनक्सच्या वाट्याला हातच लावीत नव्हते, कारकून एकच. तरी आधी निकालांची प्रत पेनड्राइव्हवर घेतली, लिनक्स नीट बंद केले, आणि मगच तो वाटा वाचनापुरता जोडला. नव्या वर्षाचे निकाल मात्र ते अजून संगणक पुन्हा चालू करून, लिनक्समध्ये बसूनच लिहितात.