दवबिंदू आणि डांग्या खोकला



मला बोलायला सांगितलं होतं ‘आयटीतलं काहीतरी’. पण आपल्या बॅचच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एकच प्रश्न फिरतो: पोराचा खोकला थांबत नाही, काय देऊ? पाच मिनिटांत उत्तर येतं, ‘ड्रॉसेरा ३०, चार गोळ्या.’ म्हणून आज त्या ड्रॉसेराविषयी.

ही वनस्पती आपल्याला परकी नाही. कासच्या पठारावर पावसाळ्यात हिच्या बहिणी दिसतात, मराठीत नाव दवबिंदू. कातळावरच्या मातीत नत्र कमी, म्हणून ही पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडून पचवते. डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं, त्यातला मोठा भाग हिच्यावरच आहे. आपल्या पिंपळे गुरवच्या डायनासोर गार्डनमध्ये शोधू नका, आणि कासला गेलात तर उपटू नका. औषधातली जात युरोपातली, गोल पानांची. तिकडे ती खोकल्यावर पूर्वीपासून वापरत. हॅनिमन यांनी तीच होमिओपॅथीत डांग्या खोकल्यासाठी आणली.

मी पडले इंजिनियर, म्हणून बाटलीवरचा आकडा आधी वाचते. ३० म्हणजे एक भाग अर्क, ९९ भाग द्रावक, आणि ही कृती ३० वेळा. प्रमाण होतं एकावर ६० शून्यांत एक. बारावीत घोकलेला अ‍ॅव्होगॅड्रोचा आकडा २४ अंकी आहे. म्हणजे बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ अर्काचा शेवटचा रेणू संपतो, पुढच्या १८ पायऱ्या द्रावकात द्रावक. वनस्पतीची शक्ती त्यात उतरते, असं होमिओपॅथी मानते. मला ते पटत नाही. ज्यांना पटतं त्यांच्याशी चहाच्या वेळी भांडायला मी तयार आहे.

साधा सर्दीनंतरचा खोकला बहुधा आपोआप जातो आणि श्रेय गोळीला मिळतं. मिळू दे. डांग्या खोकल्याचं तसं नाही. तो जिवाणूंनी होतो, त्यावर अँटिबायोटिक आहे, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं. तान्ह्या बाळाला कधी कधी ढास लागतच नाही, श्वासच मध्येमध्ये थांबतो, ओठ निळे पडतात. तेव्हा ग्रुपवर विचारत बसू नका, बाळाला उचला आणि दवाखाना गाठा.

आणि लस. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, मग दीड वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या वर्षी त्रिगुणीचा बूस्टर. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लसीचा जोर काही वर्षांनी ओसरतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांचा रेंगाळलेला खोकलाच बाळापर्यंत पोचतो. आपल्यापैकी काहींच्या घरी आता नातवंडं येतील, म्हणून सुनेच्या किंवा लेकीच्या गरोदरपणातच डॉक्टरांना टीडॅप लसीबद्दल विचारून ठेवा. आणि आपल्या स्वतःच्या खोकल्याला दोन आठवडे झाले, तर थुंकी तपासून घ्या. तो क्षयही असू शकतो.

चहा तयार आहे असं दिसतंय, भांडणारे पुढे या.