पाण्याच्या वाटेने सायकल

(शिरगाव, ता. डिचोली येथे शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेले भाषण)



श्री लईराईच्या या गावात भाषणासाठी सायकलीचा विषय घ्यावा, याचे काहींना नवल वाटेल. पण आज ज्या वाटांविषयी मला बोलावयाचे आहे, त्या आपल्या पाण्याशी, आपल्या काजूच्या डोंगरांशी आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाशी जोडलेल्या आहेत. कालव्याच्या काठाने आणि काजूबागांच्या उतारावरून जाणाऱ्या खडीच्या व मातीच्या रस्त्यांवर सायकलीचा मार्ग आखता येईल काय, आणि आखलाच तर तो कोणाच्या हिताचा असावा, हा आजचा प्रश्न आहे.

युरोपात आता डांबरी रस्ता सोडून खडीच्या रस्त्याने दूरवर सायकल चालविण्याची आवड वाढली आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस सतराव्या शतकात, १६६६ ते १६८१ या काळात, एक मोठा कालवा खोदला गेला. त्याचे नाव कॅनाल द्यू मिदी. घोडे नावा ओढीत ज्या काठावरून चालत, त्या काठावरून आज द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातून सायकली धावतात. इटलीतील टस्कनी प्रांतात, द्राक्षांच्या टेकड्यांमधून, पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. त्यांवर सरसकट डांबर पडू नये म्हणून १९९७ साली गायोले या गावी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. लेरोइका या नावाने ती आज जगप्रसिद्ध आहे. तेथील खडीच्या रस्त्यांना या फेरीने जे मोल मिळवून दिले, ते आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडे द्राक्षमळे नाहीत. पण काजू आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या या झाडाने डिचोली, सत्तरी व पेडण्याचे जांभ्याचे डोंगर व्यापले आहेत. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत पिकून खाली पडलेली बोंडे वेचावयाची, तुडवून रस काढावयाचा, तो आंबवावयाचा आणि भट्टीवर चढवावयाचा, हा क्रम येथील घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पहिल्या उकळीचा हुर्राक, आणि पुन्हा चढविल्यावर फेणी. काजूफेणीस २००९ साली भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली. फ्रान्स-इटलीतील प्रवासी जसा द्राक्षमळा पाहावयास जातो, तसा आपल्या काजूबागेत येणारा प्रवासी भट्टीचे हे कसब पाहू शकेल. अर्थात, पाहावे ते कसब. पेला हाती घेतला की सायकल हाती घेऊ नये, हा नियम पहिल्याच फलकावर लिहावा लागेल.

आता कालव्याकडे वळू. तिळारी हा महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प. १९९० साली उभय राज्यांत त्याविषयी करार झाला. खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा आणि २६.७० टक्के वाटा महाराष्ट्राचा. धरण दोडामार्ग तालुक्यात आहे, आणि त्याच्या जलाशयासाठी तेथील आयनोडे, सरगवे, शिरंगे यांसारख्या गावांना आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या. डावा कालवा डिचोली तालुक्यातून बार्देशाकडे जातो. उजवा पेडण्याच्या बाजूस वळतो. अस्नोडा येथील जलशुद्धीकरण प्रकल्पास डाव्या कालव्याचे पाणी मिळते, तर पेडण्यातील चांदेल प्रकल्पासही तिळारीचा आधार आहे. कालवा कोठे फुटला की या प्रकल्पांचा पाणीपुरवठा अडतो आणि बार्देश-पेडण्याचे नळ कोरडे पडतात, याचा अनुभव अलीकडच्या वर्षांत जनतेने घेतला आहे.

शिरगावकरांना पाण्याचे मोल निराळ्या रीतीने शिकावे लागले. भूजलाच्या पातळीखाली खाणी खोदल्या गेल्या, तेव्हा गावच्या विहिरी व झरे आटले आणि हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ साली गोव्यातील खाणकाम थांबले, पुढे सुरू झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोली भागात ते परत सुरू झाले आहे. ज्या गावाने आपली विहीर आटताना पाहिली, त्या गावातील मुलाला नळाचे पाणी कोणत्या डोंगरातून, कोणाच्या जमिनीवरून आणि किती मजल करून येते, हे ठाऊक असू नये काय? पुस्तकातील नकाशा ते सांगतो; परंतु कालव्याच्या काठाने एक दिवस सायकल चालविल्याने ते जसे मनात ठसेल, तसे अन्य मार्गाने ठसणार नाही.

ही गोष्ट शक्य होते ती कालव्याच्या रचनेमुळे. कालवा डोंगराच्या कुशीतून, पातळी सांभाळीत, वळणे घेत जातो. पाणी आपल्या वजनाने वाहावे म्हणून त्याला हजारो मीटरांत एखाद्या मीटरइतका अल्प उतार दिलेला असतो. कालव्याच्या भरावावर देखरेखीसाठी सेवापथ ठेवतात. तोही त्याच उताराने जातो. म्हणून चढणीच्या मुलखातही तेथे सायकल मारताना दमछाक होत नाही. त्यासाठी परदेशी, महागडे वाहनही नको. खडीवर चालणाऱ्या नव्या सायकलींची धाव साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंदीची असते, आणि आपल्या पोदेराच्या किंवा दूधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीची धावही जवळपास तेवढीच रुंद असते.

तथापि काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. सेवापथ हा कालव्याच्या रक्षणासाठी आहे; तो सार्वजनिक रस्ता नव्हे. म्हणून जलस्रोत खात्याची अनुमती घेतल्यावाचून कोणताही मार्ग जाहीर करू नये, आणि भरावावर जड वाहने नेऊ नयेत. काँक्रीटचे अस्तर असलेला कालवा दिसावयास शांत असतो, परंतु त्याच्या बाजू तिरप्या व शेवाळाने निसरड्या असतात; आत पडलेल्या चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर येणे कठीण होते. मुलांनी तेथे उतरू नये, आणि शिक्षकांवाचून जाऊ नये. जलसेतूवर सायकल हाती धरून चालावे, आणि तेही परवानगी असेल तरच. पावसाळ्यात जांभ्याची माती निसरडी होते. तेव्हा जून ते सप्टेंबर मार्ग बंद ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उन्हाळ्यात काजूबागेत विडी-काडी पेटवू नये; वाळल्या पाचोळ्यातील एक ठिणगी वर्षभराचे पीक नेते. आणि खनिजाच्या ट्रकांचा रस्ता व मुलांच्या सायकलींचा रस्ता एक होता कामा नये.

गर्दीविषयीही एक शब्द. वैशाख शुद्ध पंचमीस येथे धोंडांची व भाविकांची केवढी रीघ लागते, हे आपण जाणता. २०२५ सालच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविक प्राणांस मुकले. अरुंद, उताराच्या वाटा किती माणसे पेलू शकतात, याचा हिशेब आधी करावयाचा असतो, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. तेव्हा सायकलमार्गाचे यश येणाऱ्यांच्या संख्येवर मोजू नये. जत्रेच्या दिवसांत तो बंदच असावा.

मग करावे काय? माझी सूचना साधी आहे. प्रथम शिरगाव, अस्नोडा, साळ या परिसरातील शाळांनी व पंचायतींनी मिळून, खात्याच्या कर्मचाऱ्यांसमवेत, सेवापथाची पाहणी करावी. कोठे वाट शाबूत आहे, कोठे खचली आहे, कोठे पाणी झिरपते, हे वहीत नोंदवावे. झिरपणारे पाणी वेळीच कळविले तर भगदाड टळू शकते. सायकलीवरचा विद्यार्थी हा कालव्याचा पहारेकरीही होऊ शकतो. त्यानंतर एखादा लहान मार्ग आखून मराठी व कोकणीत फलक लावावेत. वाटेवरील घरांनी शहाळे, काजूगर, पेज-भाजी द्यावी व तिचे मोल घ्यावे. बाहेरून येणाऱ्यांकडून पंचायतीने अल्प शुल्क घेऊन त्यातून वाट झाडावी. लाभक्षेत्रातील शेतजमीन शेतीसाठीच राहावी म्हणून गोव्यात १९९७ चा लाभक्षेत्र विकास कायदा आहे. मार्ग लोकप्रिय झाला म्हणून काठावर उपाहारगृहे व बंगले उठू लागले, तर तो ज्यासाठी आखला तेच नाहीसे होईल.

टस्कनीच्या लोकांनी रस्त्यावरची खडी जपली. आपल्याला त्याच वाटेच्या निमित्ताने पाणीही जपावयाचे आहे. ही वाट दुसऱ्या गावांनी जमिनी दिल्या म्हणून आपल्या दारी आली आहे. येत्या नोव्हेंबरात शिक्षकांनी एका वर्गासह पहिली पाहणी करावी, आणि पंचायतीने तिची नोंद दप्तरी घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.