आवाजाची रोजंदारी

जळगावला १९७६ साली आकाशवाणी केंद्र झाले आणि सावद्याच्या केळी-उत्पादकाला रेडिओवर आपल्या मुलखातला माणूस बोलताना ऐकू येऊ लागला. त्या माणसाची वाटचाल मात्र कोणी विचारत नाही. लेखी परीक्षा आणि स्वरचाचणी उत्तीर्ण झाल्यावर तो नैमित्तिक उद्घोषक होतो. महिन्याला साधारण सहा पाळ्या आणि पाळीपुरते मानधन. बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. तावडी आणि लेवा बोलीचे मर्म जाणणाऱ्या या कामगाराला पोटासाठी दुसरा उद्योग शोधावा लागतो.

२००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ खुला झाला. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ केंद्र त्यातूनच उभे राहिले. खाजगी एफ.एम. वाहिन्याही आल्या. परंतु स्वतःच्या बातम्या देण्यास दोहोंना मनाई आहे. म्हणजे एकीकडे पोटाची अनिश्चिती, दुसरीकडे जिभेला लगाम.

प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. लहरी जनतेच्या, मग त्यांवरून जनतेशी बोलणारा रोजंदारीवर का? केळीच्या वॅगनी भरणाऱ्या हमालाची मजुरी हा चळवळीचा प्रश्न असेल, तर शब्द वाहणाऱ्या या हमालाची मजुरीही चळवळीचाच प्रश्न आहे.